हार, जीत आणि अभय

एखाद्या देशाची माणसे कशी आहेत हे जाणून घ्यायचे असेल, तर ती काय खातात, काय नेसतात आणि कोणापुढे हात जोडतात, एवढे पाहून भागत नाही. ती खेळतात कशी हेही पाहावे लागते. माणूस देवळात जरा सावरून वागतो, बाजारात जरा हातचे राखून वागतो. पण खेळताना त्याचा मूळ स्वभाव बाहेर पडल्यावाचून राहत नाही. बँकॉकला जाणारी आपली मंडळी सोन्याचा बुद्ध पाहतात, नावांवरचा बाजार पाहतात, पिशव्या भरभरून खरेदी करतात आणि परत येतात. त्यांनी एक संध्याकाळ लुम्फिनी उद्यानासाठी राखून ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

लुम्फिनी म्हणजे आपली लुंबिनी, गौतम बुद्धाचे जन्मस्थान. सहावे राम ह्या राजाने १९२५ साली दिलेल्या जमिनीवर हे उद्यान उभे आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास ऊन उतरले, की सारे शहर जणू इकडे लोटते. कोणी धावतो आहे, कोणी वजने उचलतो आहे. एका मोकळ्या जागेत कर्ण्यावर गाणे लागले आहे आणि कचेरीतून सुटलेल्या मुली, पोट सुटलेले गृहस्थ आणि केस पिकलेल्या आजीबाई ओळीने एका तालावर हातपाय हलवीत आहेत. तळ्याकाठी माणसाच्या उंचीच्या घोरपडी बिनधास्त पहुडल्या आहेत आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. सहाच्या ठोक्याला राष्ट्रगीत सुरू होते. धावणारा धावता धावता थांबतो, वजन उचललेला ते खाली ठेवतो, सारे उद्यान क्षणभर चित्रासारखे स्तब्ध होते. आणि गीत संपताच जिथल्या तिथून सारे पुन्हा चालू!

थाय भाषेत खेळाला 'कीला' म्हणतात. पालीतल्या 'कीळा'चे, म्हणजे आपल्याच 'क्रीडे'चे ते रूप. पण ह्या लोकांचा खरा जिव्हाळ्याचा शब्द दुसराच आहे. तो म्हणजे 'सनुक'. सनुक म्हणजे मौज, गंमत, मजा; पण एवढ्याने त्याचा अर्थ पुरा होत नाही. भातलावणी असो, लग्नाचा स्वयंपाक असो की कचेरीतले काम असो, त्यात चार माणसांची थट्टामस्करी नसेल तर ते काम सनुक नव्हे, आणि सनुक नसलेल्या कामाला थाय माणूस मनापासून हात घालीत नाही. जिथे कामातही खेळ हवा, तिथे खेळाचा थाट काय वर्णावा!

गल्लीबोळांतून हिंडताना तुम्हाला पाचसात जण गोल उभे राहून वेताने विणलेला एक चेंडू पायांनी उडवताना दिसतील. हा तक्रॉ. हाताचा स्पर्श वर्ज्य. पाऊल, गुडघा, खांदा, डोके, काहीही चालेल. आता वेताऐवजी कृत्रिम धाग्याचे चेंडू आले आहेत, पण खेळ तोच. ह्या गोलातल्या तक्रॉची गंमत अशी, की त्यात कोणी हरत नाही आणि कोणी जिंकतही नाही. चेंडू खाली पडू द्यायचा नाही, एवढेच सर्वांचे मिळून काम. नवख्याकडे चेंडू देताना जुना खेळाडू तो अलगद देतो. कारण नवख्याच्या पायून तो पडला, तर खंड सर्वांच्याच खेळात पडतो. बँकॉकच्या राजमंदिराच्या भिंतींवर रामायणाची, त्यांच्या भाषेत 'रामकियेन'ची, लांबच लांब चित्रमाला आहे. तिच्यात आपला मारुतीराया वानरांना गोळा करून तक्रॉ खेळताना रंगवला आहे! समुद्र उल्लंघणाऱ्या हनुमंताला त्या लोकांनी आपल्या गल्लीतला गडी करून टाकले आहे.

ह्याच चेंडूला मध्ये जाळे बांधून तीन तीन गड्यांचा सामना केला, की तो सेपाक तक्रॉ होतो. आपली वृत्तपत्रे त्याला 'सेपक टकरा' म्हणतात. 'सेपाक' हा मलय शब्द, अर्थ लाथ. 'तक्रॉ' हा थाय शब्द, अर्थ विणलेला चेंडू. खेळ कोणाचा ह्यावरून शेजाऱ्यांत वाद होता. नावाची अशी वाटणी करून तो मिटला. पुरुषांच्या सामन्यात जाळे मधोमध १.५२ मीटर उंच असते. त्याच्याही वर उडी घेऊन, हवेत कोलांटी मारून, पायाने चेंडू पलीकडे हाणणारा गडी पाहिला, की आपल्या मल्लखांबपटूंचीच आठवण होते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ह्या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. आणि मराठी वाचकांना ऐकून बरे वाटेल, की त्याच स्पर्धांत आपली कबड्डीही प्रथमच दाखल झाली. पुढे दोन्ही घरांनी एकमेकांचे खेळ उचलले. २०१० साली ग्वांगझू येथे महिलांच्या कबड्डीत भारताला सुवर्ण मिळाले, तर रौप्य थायलंडच्या मुलींनी नेले; आणि २०१८ साली जकार्ता येथे सेपक टकरात आपल्या पुरुषांनी कांस्यपदक मिळवून त्याची परतफेड केली.

पतंगाचे नाव काढले की आपल्याला संक्रांत, मांजा आणि 'काटली'चा पुकारा आठवतो. थाय माणसाचा पतंग फेब्रुवारी ते एप्रिलच्या वाऱ्यावर चढतो, आणि तो कापला मुळीच जात नाही. राजवाड्याजवळचे सनाम लुआंग हे ह्या खेळाचे पिढीजात मैदान. पाचव्या रामाला, म्हणजे चुलालोंगकोर्न राजाला, त्याचा मोठा नाद होता. सामना दोन जातींच्या पतंगांत होतो. 'चुला' हा पाच टोकांच्या ताऱ्यासारखा भला थोरला पतंग, त्याला नर मानतात; तो उडवायला गड्यांची टोळी लागते. 'पक्पाव' ही लहानशी, शेपटीवाली, चौकोनी पतंगी, ती मादी. चुलाच्या दोरीला बांबूचे आकडे असतात, पक्पावच्या दोरीला फास. त्याने आकड्यात धरून तिला आपल्या हद्दीत ओढून आणायचे, तिने फास टाकून त्याला लोळवायचे. शेवटी दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या घरी जावे लागते. आकाशात लागलेले हे लग्न पाहायला खाली गर्दी जमते, आणि पुष्कळदा एवढीशी पक्पाव त्या धटिंगणाला भुईवर आणते, तेव्हा बायकांच्या घोळक्यात हशा पिकतो!

बुद्धिबळ आपल्याकडून तिकडे गेले. 'माक्रुक' ह्या त्यांच्या खेळात हत्तीच्या जागी नाव असते. जिथे नदी हाच राजरस्ता, तिथे हे साहजिकच आहे. प्यादे म्हणजे कवडी. ते सहाव्या ओळीत पोचले की कवडी उलटी करून ठेवायची, की झाला वजीर. पण मला ह्या खेळात सर्वांत आवडलेला नियम वेगळाच आहे. एका बाजूला नुसता राजा उरला आणि पटावर प्यादी नसली, की मोजणी सुरू होते. जिंकणाऱ्याकडे दोन नावा असतील तर ८ आकडे, एक असेल तर १६. आणि मोजणीचा आरंभ एकापासून नव्हे, तर पटावर उरलेल्या मोहऱ्यांच्या संख्येपासून. तेवढ्यात मात झाली नाही, तर डाव बरोबरीत. म्हणजे एकाकी राजाला विनाकारण छळायचे नाही. मारायचे तर नेमके मारा, नाही तर सोडून द्या. भाड्याच्या मोटारसायकली चालवणारे लोक रस्त्याकडेला बाटल्यांच्या झाकणांनी सोंगट्यांचा आणखी एक डाव मांडून बसतात. गिऱ्हाईक आले तरी हातातली चाल पुरी झाल्याशिवाय उठत नाहीत.

पावसाळ्यात बौद्ध भिक्षूंचा वर्षावास असतो, आपला चातुर्मासच म्हणा ना. तो संपण्याच्या सुमारास नद्या भरलेल्या असतात आणि गावोगाव नौकांच्या शर्यती लागतात. उत्तरेकडच्या नान गावच्या नावा एका लाकडातून कोरलेल्या, नागाच्या तोंडाच्या. मोठ्या नावेत ५५ पर्यंत वल्हेकरी बसतात. नावेत देवता वसते, म्हणून नाळेला फुलांच्या माळा आणि रंगीत फडकी बांधून तिची पूजा होते. नाव बहुधा गावच्या विहाराची, वल्हेकरी गावचे, आणि काठावर ओरडणारेही गावचेच. चोनबुरीला ह्याच दिवसांत रेडे पळवतात. सहा महिने चिखलात राबलेल्या जनावरालाही सणाचा एक दिवस मिळतो.

इथवर सारे गोडच झाले. आता आखाड्यात शिरू या.

थाय मुष्टियुद्ध, म्हणजे 'मुआय थाय', जगभर गेले आहे. दोन मुठी, दोन कोपरे, दोन गुडघे आणि दोन पाय, अशा आठ अंगांनी लढायचे. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या लुटले, तेव्हा कैद होऊन गेलेल्या नाय खनोम तोम नावाच्या वीराने १७७४ साली ब्रह्मी राजासमोर एकामागून एक नऊ-दहा मल्ल लोळवून आपली सुटका करून घेतली, अशी परंपरा सांगते. १७ मार्च हा दिवस त्याच्या नावाने पाळतात. बँकॉकचे राजदामनेर्न क्रीडागार १९४५ साली उघडले आणि लुम्पिनी १९५६ साली; हे दुसरे २०१४ साली शहराच्या उत्तरेला नव्या जागी गेले.

सामन्याआधीचा विधी पाहण्यासारखा असतो. खेळाडू डोक्याला गुरूने दिलेले कडे घालून येतो. त्याचे नाव 'मोंखोन', म्हणजेच मंगल. मग तो रिंगणाला फेरी घालतो, गुडघे टेकून तीनदा नमस्कार करतो आणि संथ लयीत नाचू लागतो. ह्याला 'वाय ख्रू' म्हणतात. 'ख्रू' म्हणजे गुरू. बाजूला सनई, झांज आणि ढोल वाजत असतात. त्या ढोलांना 'खाएक' म्हणतात, आणि खाएक म्हणजे पाहुणा. आपल्या भारतीयांनाही ते लोक हाच शब्द लावतात. एवढा विनय झाल्यावर गुरू मोंखोन काढून घेतो, घंटा वाजते आणि तीन मिनिटांची एक, अशा पाच फेऱ्या सुरू होतात. सनईचा वेग वाढत जातो, तसे गुडघ्यांचे प्रहारही.

पण प्रेक्षकांकडे वळून पाहिले, की दुसराच खेळ दिसतो. शेकडो हात हवेत, बोटांच्या खुणा चालल्या आहेत, ओरडा चालला आहे. ही पैजेची बोली. पहिल्या दोन फेऱ्या खेळाडू हात राखून लढतात, त्याचे एक कारण हेच, की पैजेचे भाव ठरायला अवधी हवा. थायलंडात जुगाराला १९३५ च्या कायद्याने मोठा आळा आहे, परंतु मुष्टियुद्धाच्या आखाड्यांना सवलत मिळत आली. कोंबड्यांच्या झुंजी आणि लढाऊ माशांच्या झुंजी ह्याच वाटेने चालतात. २०१९ साली ज्या माशाला राष्ट्राचा जलचर म्हणून मान मिळाला, तो हाच!

आणि रिंगणात कोण असते? पुष्कळदा ईशान्येकडच्या 'ईसान' प्रांतातल्या भातशेती करणाऱ्याचा मुलगा. सात-आठ वर्षांचा असताना तो तालमीत जातो, विहाराच्या जत्रेत लढतो आणि मिळालेले पैसे आईच्या हातावर ठेवतो. १९९९ च्या कायद्याने व्यावसायिक खेळाडूचे वय किमान १५ ठरवले, पण पालकांच्या संमतीची वाट मोकळी ठेवली. २०१८ च्या नोव्हेंबरात १३ वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार बसून कोसळला आणि दगावला. सारा देश हळहळला. डॉक्टरांनी अशा मुलांच्या मेंदूंच्या तपासण्या करून धोक्याची सूचना दिली. १२ वर्षांखालच्या मुलांना बंदी करावी असा मसुदा पुढे आला. तालमींचे चालक म्हणाले, लहानपणी सुरुवात केली नाही तर चांगला खेळाडू होत नाही. पालक म्हणाले, मग घर कसे चालवायचे? हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९६ साली अटलांटाला थायलंडचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा सोमलुक खमसिंग हाही ईसानचाच आणि मुआय थायच्याच तालमीतून आलेला. त्याच्याकडे बोट दाखवणारा बाप चुकतो, असे म्हणायला तोंड धजत नाही. पण एक सोमलुक पदक घेऊन घरी येतो, तेव्हा हजारो मुले नुसता मार घेऊन घरी येतात, हेही तितकेच खरे.

परंपरा म्हणजे दगडावरची रेघ, असेही नाही. लुम्पिनीच्या रिंगणाला स्त्रीचा स्पर्श वर्षानुवर्षे वर्ज्य होता. २०२१ च्या नोव्हेंबरात तिथे प्रथमच मुली लढल्या. आभाळ कोसळले नाही, आणि वाय ख्रूची सनईही बेसूर झाली नाही. जी रूढी मुलींसाठी वाकली, ती मुलांसाठीही वाकेल.

कारण त्यासाठी लागणारा विचार त्या लोकांना परका नाही. खिलाडू वृत्तीला थाय भाषेत 'खेळाडूचे नाम-जाय' म्हणतात. 'नाम' म्हणजे पाणी आणि 'जाय' म्हणजे मन. मनातले पाणी, आपण म्हणतो तो मनाचा ओलावा. आणि तिथल्या शाळकरी पोरालाही एक वचन तोंडपाठ असते: 'रू फॅ, रू छना, रू अफय'. हार जाणावी, जीत जाणावी, अफय जाणावे. हा 'अफय' म्हणजे आपला 'अभय' शब्द. तिकडे जाऊन त्याचा अर्थ क्षमा असा झाला आहे. हार आणि जीत तर जगातले सारेच खेळाडू जाणतात. तिसरी पायरी सांगावी ती ह्या लोकांनीच. तक्रॉच्या गोलात नवख्याला अलगद दिलेला चेंडू हे अभयच आहे, आणि एकाकी राजासाठी मोजलेल्या सोळा चालीही अभयच.

हरलेल्याला अभय कसे द्यावे हे ज्यांना इतके सुंदर उमगले आहे, त्यांना अजून पुरते वाढलेही नाही अशा पोराला ते कसे द्यावे, हे शिकवायला बाहेरच्या कोणी जायला नको. त्यांच्या वचनात ते आधीच लिहिलेले आहे; ते आखाड्याच्या दारावर लावण्याचाच काय तो अवकाश!