चार टेबलं

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप. बेसबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण त्यातला एक माणूस मला भारी आवडतो. ओझी गियेन. व्हेनेझुएलातल्या ओकुमारे देल तुय गावचा, जन्म १९६४. शिकागो व्हाइट सॉक्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून सुसाट चेंडू अडवणारा. आपला पॉइंटचा फील्डर समजा. १९८५ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. बॅटिंग बेताचीच, सोळा मोसमांत होमरन फक्त २८. पण तोंड? अखंड चालू!

२००४ मध्ये तो याच संघाचा मॅनेजर झाला आणि २००५ मध्ये शिकागोने तब्बल ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. संघावर टीका सुरू झाली की हा काहीतरी बोलून जायचा, मग पत्रकार खेळाडूंना सोडून त्याच्याच मागे. मला वाटायचं, बॉस असावा तर असा!

मग आलं २०१२. आता तो मायामी मार्लिन्सचा मॅनेजर. नवं कोरं स्टेडियम, तेही लिटल हवानात. कास्ट्रोच्या राजवटीतून पळून आलेल्या क्यूबन लोकांची ही वस्ती. आणि हा 'टाइम' मासिकाला सांगून बसला की फिदेल कास्ट्रो आपल्याला आवडतो, इतकी वर्षं टिकला म्हणून आदर वाटतो. झालं! निदर्शनं, पाच सामन्यांची बंदी. संघ फिलाडेल्फियात होता, तो तिथून विमानाने परत आला आणि त्या लोकांसमोर स्पॅनिशमध्ये माफी मागितली. तरी मोसम संपल्यावर नारळ मिळालाच.

मला खुपतं ते वेगळंच. २००५ च्या त्याच्या संघातले होसे कॉन्ट्रेरास आणि ओर्लांदो हर्नांदेझ दोघेही क्यूबातून निसटलेले, हर्नांदेझ तर बोटीतून. बॉस्टनविरुद्ध तिन्ही बेस भरलेले, एकही बाद नाही, अशा वेळी गियेनने चेंडू दिला तो हर्नांदेझच्याच हातात. आणि त्याने एकही धाव दिली नाही. म्हणजे या लोकांनी काय सोसलंय हे गियेनला माहीत नव्हतं, असं कसं म्हणणार? माहीत असूनही जीभ घसरते.

हे आज आठवायला कारण आहे. परवा मीटिंगमध्ये मी नोकरकपातीवर विनोद केला. सगळे हसले, एक सहकारी सोडून. त्याच्या भावाची नोकरी गेल्याच आठवड्यात गेली होती. मला माहीत होतं, त्यानेच सांगितलं होतं. संध्याकाळी दोन ओळींची 'सॉरी'ची मेल टाकून मी मोकळा झालो. उत्तर आलेलं नाही.

गियेनचं पुढे बरं झालं. तरुणपणी ज्या ला ग्वायरा संघातून तो खेळला, त्याचा मॅनेजर म्हणून २०२४ मध्ये त्याने ३८ वर्षांनी व्हेनेझुएलाची लीग जिंकली. पाठोपाठ कॅरिबियन सिरीजही, आणि ती मायामीच्या त्याच स्टेडियममध्ये! पण बारा वर्षं गेली मध्ये.

तो फिलाडेल्फियाहून विमानाने आला होता. मला फक्त चार टेबलं ओलांडायची होती. असो. सोमवारी आधी तेच.