फक्त या आकारापुरते

बेळगाव भागात देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात. सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेले हे गवई १९४८ मध्ये देवासला गेले आणि तिथलेच झाले. गेल्या दिवाळीत देवास पाहून मी पुढे धारला भाचीकडे गेलो. ती पीथमपूरच्या एका कारखान्यात डिझाइनचे काम करते.

संध्याकाळी तिने लॅपटॉपवर एक फ्लँज दाखवला. फ्लँज म्हणजे पाइप जोडायची, कडेने बोल्टची भोके असलेली चकती.

"मामा, चित्र एकच आहे, पण यातून बारा आकार निघतात."

मला नवल वाटले. तिने समजावून सांगितले. प्रत्येक मापाला आधी नाव द्यायचे : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, भोकांची संख्या. काही मापे स्वतंत्र, तर काही दुसऱ्यावर अवलंबून. बोल्टच्या भोकांचे वर्तुळ बाहेरच्या कडेपासून किती आत हवे, हे सूत्राने बांधायचे. मग एक तक्ता करायचा. त्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक आकार. ओळ निवडली की चित्र आपोआप बदलते.

"मग चूक होतच नसेल?"

"होते ना. एका मोठ्या आकाराची जाडी वाढवायची होती. बदल फक्त या आकाराला की सगळ्यांना, असे कॉम्प्युटर विचारतो. घाईत माझ्याकडून 'सगळ्यांना' राहून गेले."

लहान आकारही जाड झाले. ओतकामाच्या साच्यावर काम करणाऱ्या जुन्या मिस्त्रींना नकाशातले वजन जास्त वाटले, म्हणून बरे. नाहीतर माल ओतून झाला असता. तेव्हापासून तिचा नियम ठरला : तक्ता एकाच्याच ताब्यात, बदलाचे कारण शेजारी लिहायचे आणि बदल झाला की बाराही ओळी उघडून पाहायच्या.

धार ही राजा भोजाची नगरी. अकराव्या शतकातल्या, त्याच्या नावावरच्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथात हस्त म्हणजे २४ अंगुळे. पण अंगुळ ८ यवांचे, ७ चे की ६ चे, यावरून हस्ताचे तीन प्रकार होतात. २४ चे नाते तेच राहते, मूळ माप तेवढे बदलते. कोणता हस्त कशासाठी, हेही सांगितलेले आहे. मी हे सांगितल्यावर भाची हसली. "म्हणजे आमचा तक्ता जुनाच म्हणायचा!"

एवढ्यात गोकाकहून तिच्या अज्जीचा फोन आला. अज्जीला कानडीच येते. भाचीच्या सात वर्षांच्या मुलाने फोन कानाला लावला, गोंधळला आणि आईच्या हातात दिला. फोन ठेवल्यावर ती गप्पच होती.

"इथे कानडी कुणाला कळत नाही, म्हणून याच्याशी मराठीच बोलायचे ठरवले होते. ते धारपुरते होते, मामा. लागू सगळीकडेच झाले."

मी काही बोललो नाही. आपल्या सीमाभागातून बाहेर गेलेल्या किती घरांत असेच झाले असेल! एक भाषा सोयीसाठी बाजूला ठेवतो आणि बाकीच्या ओळी उघडून पाहायचे राहून जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुलाला दोन शब्द शिकवले. फोन लागला. तो अडखळत म्हणाला, "अज्जी, ऊट आतेन?"

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग अज्जी बोलू लागली, ती थांबेचना. मुलाला त्यातले फारसे कळले नसावे. पण या वेळी त्याने फोन परत दिला नाही.