कार्तिकातला पाऊस

गेल्या कार्तिकात, दिवाळीचा फराळ संपता संपता, आमच्या घरच्या मंडळींनी दोन दिवसांची पायी सहल ठरविली. आम्ही नागपूरकर, डोंगर आणि तळी एकत्र पाहावयाची तर शेजारच्या भंडारा जिल्ह्याइतके सोयीचे स्थळ आम्हांस दुसरे नाही. थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयता व चार मुले असे आठजण शनिवारी सकाळी तुमसर रोडला उतरलो, तो आभाळ गच्च भरलेले! बंगालच्या उपसागरात वादळ उठले की आश्विन-कार्तिकातही इकडे झड लागते, हे ठाऊक असूनही आम्ही छत्र्या मात्र दोनच घेतल्या होत्या.

पहिल्या दिवशी आंबागड चढलो. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला, असे सांगतात. पुढे भोसल्यांच्या अमदानीत त्याचा बंदिखाना झाला. ओल्या दगडांवरून घसरत, एकमेकांस हात देत आम्ही वर पोहोचलो, पण धुक्यापलीकडे काही दिसेना. तेथून गायमुखास गेलो. महाशिवरात्रीला यात्रेने गजबजणारे हे शिवस्थान त्या दिवशी अगदी निर्जन होते. बंधू म्हणाले, “सहलीचा पार विचका झाला!” आम्हीही त्यांच्या सुरात सूर मिळविला.

रात्री तुमसरास आमच्या आतेबहिणीकडे उतरलो. गरम भात, पिठले आणि चुलीशेजारी वाळत घातलेली लुगडी-धोतरे, असा थाट होता. बोलता बोलता आतेबहिणीचे यजमान ‘मामा तलावां’विषयी सांगू लागले. धाकट्या पुतण्याने विचारले, “कोणाचे मामा?” तेव्हा सर्वत्र हशा पिकला. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. गोंड राजांच्या काळापासून या भागात कोहळी लोकांनी गावोगाव तळी बांधली. माती-मुरमाची पाळ घालावयाची, पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवावयाचे आणि ते धानाच्या बांध्यांत खेळवावयाचे, ही त्यांची विद्या. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. १९९९ साली गोंदिया जिल्हा निराळा निघाला, तेव्हा नवेगावबांधासारखे मोठे तळे तिकडे गेले. तरीही भंडाऱ्याची ‘तलावांचा जिल्हा’ ही ख्याती कायमच राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याहून चांदपूरच्या तलावाकडे पायी निघालो. पाऊस मंदावला होता. टेकडीवरील मारुतीचे देऊळ दुरून दिसू लागले आणि मंडळींस हुरूप आला. इतक्यात वाटेच्या कडेला एका बांधीत चारपाच माणसे लगबगीने काम करताना दिसली. कापलेल्या धानाच्या कडपा वाळण्यासाठी पसरलेल्या होत्या, त्या घोटाभर पाण्यात तरंगत होत्या. एक वृद्ध बाई, तिचा मुलगा, सून आणि नातवंडे त्या उचलून धुऱ्यावर ठेवीत होती.

वहिनींनी पदर खोचला आणि आम्ही सर्वच बांधीत उतरलो. दहापंधरा मिनिटे झाली असतील नसतील, तोच ती बाई हात जोडून म्हणाली, “राहू द्या जी बाई, तुमच्या हातानं दाना झडते.” आम्ही खाली पाहिले. खरोखरच आमच्या पावलांभोवती पाण्यावर सोनेरी दाणे पसरले होते. पिकलेली लोंबी कशी धरावी, कोठून उचलावी, हे आम्हांस कोठे ठाऊक होते? जो भात आम्ही जन्मभर दोन्ही वेळा खाल्ला, त्यास हात लावण्याची ती पहिलीच वेळ होती!

आम्ही ओशाळून धुऱ्यावर उभे राहिलो. वहिनींनी हळूच विचारले, “आजी, आता या धानाचे काय होणार?” काम न थांबविता त्यांनी सांगितले, की दोन दिवसांत ऊन पडले तर काही हाती लागेल, नाही तर लोंबीलाच कोंब फुटतील. मुलगा म्हणाला, खरेदीकेंद्रावर १७ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला धान घेत नाहीत, आणि बियाणे-खतासाठी सोसायटीचे कर्ज तर डोक्यावर आहेच. मग आजींनी पलीकडच्या बांधीकडे बोट दाखविले. तेथे धान उभा असतानाच लाखोरी फेकलेली होती. पाणी लवकर उतरले, तर हीच ओल तिच्या उपयोगी पडेल, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात रडगाणे नव्हते, हिशेब होता.

चांदपूरचा तलाव आम्ही पाहिला. करड्या पाण्याचा तो विस्तार, पाण्यात उतरलेल्या टेकड्या, सारे रम्य होते. परंतु ‘विचका झाला’ हा शब्द त्यानंतर कोणाच्याही तोंडून निघाला नाही. आमची धोतरे रात्रीतून वाळली होती.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. पानावर बसताना धाकटा म्हणाला, “त्या आजींचा धान वाळला असेल का हो?” बंधूंनी पत्र टाकून विचारावे असे सुचविले. तेव्हा आम्हांस आठवले, की आम्ही त्यांचे नावसुद्धा विचारले नव्हते.