उघडलंयच तर

मोटारीच्या पोटात ऊन सहसा जात नाही. बॉनेट उघडलं तरी ते एअर क्लीनरच्या डब्यावर आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर सांडतं नि तिथंच अडतं. त्याखाली, जिथं तेल आणि धूळ यांचे थरावर थर चढलेले असतात, तिथं भर दुपारीही अंधारच. पण एकदा का इंजिन उतरवलं, की तेच ऊन मडगार्डांच्या आतल्या पत्र्यावरून घसरत थेट खालच्या मातीवर जाऊन बसतं. गाडीच्या आत जमीन दिसते. तिच्यावरून आपल्या कामाला निघालेली मुंग्यांची रांग दिसते. मी ते ऊन पाहिलं तेव्हा मार्गशीर्ष होता, आणि मार्गशीर्षातलं कोल्हापूरचं ते पिवळं, तिरपं, गुऱ्हाळाचा धूर नि उकळत्या काकवीचा वास अंगाला लावून आलेलं ऊन अजूनही कुठं अचानक भेटलं, तर मला आधी रॉकेलचा वास येतो, मग रेड ऑक्साइडचा, आणि मग दादा दिसतात.

गाडी प्रीमियर पद्मिनी. क्रीम रंगाची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली, 1089 सीसीची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. 1974 पासून तिच्या जातकुळीचं नाव पद्मिनी झालं होतं खरं, पण आमच्या गल्लीत, कोर्टात, पेट्रोलपंपावर सगळे तिला फियाटच म्हणायचे. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे ते दिवस; दादांनी एका डॉक्टरांची वापरलेली घेतली. वाट बघणं त्यांना जमायचंच नाही. वकिली चालायची सांगली, इस्लामपूर, गडहिंग्लज, जयसिंगपूर अशी, आणि माझ्या लहानपणीचे दादा म्हणजे सकाळी फाटकाबाहेर पडणारा त्या इंजिनाचा आवाज आणि रात्री, मी अर्धवट झोपेत असताना, परत येणारा तोच आवाज. मधला माणूस मला फारसा ठाऊक नव्हता.

त्या वर्षी ती तेल प्यायला लागली. चढाला धाप टाकायची, मागं निळसर धूर सोडायची. मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काळं ओशट झालेलं बोट दादांपुढं धरलं आणि एवढंच म्हणाले, “बोअर कराय लागतंय, साहेब.”

परसातल्या चिंचेच्या जाड आडव्या फांदीला चेनकुप्पी अडकवली गेली. साखळीचा तो आवाज काय सांगू तुम्हाला. करकर करकर करत येणार, मध्येच थांबणार, त्या थांबण्यात सगळ्यांचे श्वास अडकणार, आणि पुन्हा करकर. इंजिन वितावितानं वर आलं, अधांतरी जरासं फिरलं, त्याच्या बुडातून तेलाचा एक जाड थेंब लोंबकळत राहिला. आणि तेवढ्यात माझं लक्ष गाडीकडं गेलं. पुढचा भार गेल्यानं तिचं नाक स्प्रिंगांवर अलगद वर उचललं गेलं होतं. रोज रस्त्याकडं बघणारी गाडी चिंचेच्या शेंड्याकडं बघत उभी होती.

इंजिन हातगाड्यावरून उद्यमनगरात गेलं. तिथं बोअरवाल्याकडं साखर कारखान्यांच्या हंगामात बंद पडलेल्या ट्रॅक्टरांची रांग, त्यात आमचा नंबर मागं. म्हणजे थांबणं आलं. दादांना थांबणं आलं.

“उघडलंयच तर ह्ये बी बघून टाकूया,” हे मिस्त्रींचं पालुपद. त्यात तथ्य होतं. क्लचप्लेट अजून थोडी चालली असती. पण ती बदलायची तर पुन्हा सगळं खोलायचं, त्यापेक्षा आत्ताच. तिच्याबरोबर प्रेशरप्लेट, रिलीज बेअरिंग, आणि क्रँकच्या टोकातलं ते बोटाएवढं पायलट बुश, ज्याची किंमत काहीच नाही आणि ज्याच्यापर्यंत पोचायला आख्खी गाडी उघडावी लागते. क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑईल सील, कारण तिथून झिरपलेलं तेल नव्या क्लचप्लेटवर पडलं की सगळा खर्च मातीत. ब्लॉकच्या कुशीतली पत्र्याची वाटोळी बुचं, आतल्या पाण्यानं आतूनच कुजत गेलेली, वरून ठणठणीत दिसणारी. मिस्त्रींनी पेचकसाचं टोक नुसतं टेकवलं तर ते आरपार गेलं होतं. फाउंडेशनची रबरं तेल पिऊन पिऊन गुळाच्या ढेपेसारखी बसलेली. मिस्त्री एकेक वस्तू पोत्यावर मांडत गेले आणि दादा, ज्यांनी आयुष्यात कुठल्या अशिलाचं पूर्ण ऐकून घेतलं असेल की नाही कोण जाणे, उकिडवे बसून ऐकत राहिले.

एका वस्तूपाशी ते फारच रेंगाळले. फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी रिंग. चावी फिरवली की स्टार्टर तिच्या दातांना धरून इंजिन फिरवतो. सगळीकडून सारखी झिजायला हवी, नाही का? पण तिच्यावर समोरासमोर दोनच पट्टे झिजलेले होते, दातांच्या कडा बोथट, चकचकीत. मधले दात कोरे करकरीत. दादा तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले, कोरं, बोथट, कोरं, बोथट. मिस्त्रींनी सांगितलं की चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरलेल्या दोन जागांपैकी एकीवरच येऊन थांबतं, म्हणून सकाळी स्टार्टर पुन्हा त्याच दातांना चावतो.

“म्हणजे रोज तिथंच?” दादांनी विचारलं.

“व्हय. कुठं बी फिरून येऊ दे की.”

रिंग तापवून सैल केली, पाव फेरा फिरवून पुन्हा बसवली. झिजलेले दात विश्रांतीला, कोरे दात कामाला. अशी साधी, स्वस्त, शहाणी युक्ती मी पुढं फार ठिकाणी पाहिली नाही.

आणि मग ते ऊन. धुलाईच्या दिवसांत दादा लेंगा-बंडीवर परसात आले आणि त्यांनी खरवडणी हातात घेतली. मी लहान, चणीची बारीक, म्हणून रॉकेलचा डबा आणि ब्रश घेऊन इंजिनाच्या रिकाम्या जागेत उभी. होय, आत, दोन मडगार्डांच्या मध्ये, पाय मातीवर, कमरेइतक्या पत्र्याच्या कुंपणात. डोक्यावर उघडं बॉनेट. ऊन माझ्या मानेवरून उतरून समोरच्या पत्र्यावर पडायचं, आणि ब्रशखालून काळा लगदा ओघळला की त्याच्यामागून आधी तपकिरी, मग पिवळट, मग एकदम लख्ख क्रीम रंग वर यायचा. बाहेरचा रंग उन्हापावसानं विटलेला; हा मात्र कुर्ल्याहून निघाला तसाच्या तसा. एका कोपऱ्यात कुणा कामगारानं कुंचल्यानं ओढलेली बोटभर निळी रेघ निघाली. मी हाका मारून सगळ्यांना दाखवली. मिस्त्रींनी ती पाहिली, मान डोलावली, आणि शेजारी गंजानं धरलं होतं म्हणून तिच्यासकट रेड ऑक्साइडचा हात फिरवला. गंज काय रेघ बघून थांबतोय होय!

हात कामात असले की माणसं बोलतात. समोरासमोर बसून दादांना माझ्याशी काय बोलावं ते सुचत नसे, अभ्यास कुठवर आला यापलीकडं गाडी जात नसे. पण तिथं, मध्ये पत्रा, दोघांच्या नजरा आपापल्या मळावर, ते आपोआप बोलायला लागले. पंचगंगेच्या घाटावरून त्यांना कुणी ढकललं आणि ते कसे पोहायला शिकले ते. आजोबा रागावले की कसे गप्प बसायचे ते. मध्येच बोलणं संपायचं आणि शीळ सुरू व्हायची. दादांना शीळ घालता येते! घरात इतकी वर्षं राहून हे मला ठाऊक नव्हतं. आईला होतं, असं नंतर तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती चहा घेऊन यायची, गाडीच्या आत उभ्या असलेल्या मुलीकडं बघायची, म्हणायची, “दुरुस्ती चाललीय का नवी बांधताय?”

रेडिएटर खोलून त्याच्या नळ्यांतून सळ्या घातल्या, विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा खर पोतंभर निघाला असं दादा पुढं सांगायचे, तेवढा नसावा. कडक होऊन तडकलेल्या वायरी बदलल्या. होज पाईप, ब्रेकच्या नळ्या, पुढची रबरी बुशं. या बुशांचे नट मिस्त्रींनी नुसते बोटांनी लावून ठेवले. दादा पाना घेऊन आवळायला गेले तर त्यांचा हात धरला. “आत्ता नाक वर हाय, साहेब. आत्ता आवळलं तर रबर पिळून बसतंय. वजन येऊ दे, गाडी आपल्या जागंवर बसू दे, मग आवळायचं.” एरवी कोर्टात कुणाचं न ऐकणाऱ्या माणसानं पाना निमूट खाली ठेवला.

मुंबईच्या काळ्यापिवळ्यांतली शेवटची पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच हळहळ छापून आली, आणि ती खरीच होती. पण त्या सगळ्या आठवणी धावत्या गाडीच्या होत्या. मला ती उभी आठवते.

बोअर झालेलं इंजिन परत आलं आणि दादा नवनवीन कामं काढू लागले. हॉर्नचा आवाज जरा बसकाच येतो नाही? बॉनेटची बिजागरी वाजते. स्टिअरिंग बॉक्सचं तेल पाहिलं का? मिस्त्री दोनतीनदा हो म्हणाले, मग हसून म्हणाले, “साहेब, आता उघडलंयच म्हणून घर बी रंगवून घ्यायचं काय?”

जुना गिअरशाफ्ट क्लचप्लेटमधून घालून मध्य धरला गेला. चेनकुप्पी उलटी करकरली. इंजिन खाली, खाली, अजून जरासं खाली गेलं, फाउंडेशनच्या बोल्टांवर टेकलं, आणि गाडीचं नाक एक सुस्कारा सोडून रस्त्याच्या दिशेनं झुकलं. मिस्त्री पोत्यावर पाठ टेकून खाली सरकले आणि राहिलेले नट त्यांनी आवळले.

सोमवारी दादा सांगलीला तारखेला गेले. रात्री उशिरा कोपऱ्यावरून आवाज आला, फाटकात शिरला, बंद झाला. मी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करत राहिले, आज कुठल्या दातांवर थांबलं असेल, इकडच्या की तिकडच्या. सकाळी ते आरशासमोर गळ्याला पांढरे बँड बांधत होते तेव्हा विचारलंच. त्यांनी साक्षीदाराच्या जबानीचा करावा तसा त्या प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “मिस्त्रींना बोलवून परत उतरवायला सांगू या का?”

आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली.