आमचें सारथ्य

वयाच्या ६६व्या वर्षीं मनुष्यानें नामस्मरण करावें, नातवंडांस सुभाषितें सांगावीं, फार तर सायंकाळीं मारुतीच्या देवळापर्यंत फिरून यावें, अशी आपल्याकडील रीत आहे. तें सोडून आम्हीं रणगाडा चालविला असें लिहिलें, तर वाचकांस आमच्या प्रकृतीविषयीं काळजी वाटूं लागेल. म्हणून आरंभींच सांगतों कीं, हा रणगाडा लोखंडाचा नव्हता; आमच्या माडीवरील संगणकाच्या पडद्यावर धांवणारा होता. तथापि त्यानें आम्हांस जो धडा दिला तो खोटा नव्हता; आणि आमच्याप्रमाणेंच कित्येक घरच्या वडील मंडळींच्या तो उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें हे चार शब्द लिहीत आहों.

आमचें घर मोठें. आम्ही व आमचे धाकटे बंधु अद्याप एकत्र राहतों. दोन्ही वेळां पंक्तीला ११ पानें मांडलीं जातात. गेल्या उन्हाळ्यांत आमचा थोरला नातू बारावीच्या परीक्षेंत पदार्थविज्ञानांत नापास झाला, आणि पावसाळ्यांतील फेरपरीक्षेंतही त्यास यश आलें नाहीं. त्या रात्रीं भरल्या पंक्तींत आम्ही त्यास म्हणालों, "तुझ्या हातून कांहीं एक व्हावयाचें नाहीं."

त्यानें उत्तर दिलें नाहीं. मागचा भात न घेतांच तो उठला. त्या दिवसापासून तो पंक्तीला येईना. सूनबाई त्याचें ताट माडीवर नेऊन देत. आमच्याशीं त्याचें बोलणें 'हो' आणि 'नाहीं' या दोन शब्दांपुरतें उरलें. ३४ वर्षें शाळेंत घालविलेल्या मनुष्यास मुलांचें रुसणें नवें नसतें. चार दिवसांत हें निवळेल असें आम्हीं गृहीत धरिलें. परंतु दोन महिने उलटले तरी तें निवळलें नाहीं.

रात्रीं माडीवरून मात्र त्याचा आवाज ऐकूं येई. "२४०! ३००!" असे आंकडे तो मोठ्यानें म्हणे. प्रथम आम्हांस वाटलें कीं, मुलगा उदाहरणें सोडवितो आहे, आणि आम्ही मनांत संतोष पावलों. मागाहून कळलें कीं, तें रणगाड्याचें युद्ध होतें. त्याच्या शेजारच्या यंत्रावर आमच्या बंधूंची नात बसे. तिसरा गडी म्हणजे पलीकडच्या वाड्यांतील त्याचा मित्र, तो आपल्या घरूनच खेळे. या खेळापायींच मुलगा नापास झाला अशी आमची खात्री होती, आणि तो बंद करविण्याचा आमचा विचार चालला होता.

कोजागिरीची रात्र होती. आटीव दुधाचा पेला आमच्या हातीं देऊन घरांतून आज्ञा झाली, "आज तुम्हीच नेऊन द्या." हेतु आमच्या ध्यानांत आला. माडीवर गेलों. बंधूंची नात त्या आठवड्यांत पुण्यास गेली होती, आणि दोघा मित्रांचें अडलें होतें. "दोघांत गाडी नीट चालत नाहीं रे," असें नातू मित्रास सांगत होता. आम्हीं पेला ठेविला. त्यानें आमच्याकडे पाहिलें, कांहीं वेळ थांबला, आणि म्हणाला, "आजोबा, गाडी चालवाल का? तिची खुर्ची रिकामी आहे."

दोन महिन्यांनंतरचें तें पहिलें पूर्ण वाक्य! त्या क्षणीं त्यानें विमान चालवाल का असें विचारिलें असतें, तरी आम्हीं होच म्हटलें असतें.

या खेळाचें नांव 'हेल लेट लूज'. ऑस्ट्रेलियांतील ब्लॅक मॅटर या मंडळीनें तो रचिला व २०२१ सालीं तो पूर्णरूपानें प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धांतील रणभूमि त्यांत उभ्या केल्या आहेत. नॉर्मंडीचीं झुडपांचीं उंच कुंपणें, बेल्जममधील फॉय गांवचा बर्फ, रशियांतील कुर्स्कचें मोकळें मैदान. दोन्ही बाजूंस ५०-५० खेळाडू असतात, आणि ते सर्व देशोदेशीं आपापल्या घरीं बसलेले खरोखरीचे मनुष्य असतात. एक डाव दीड तासापर्यंत चालतो. बहुतेक जण पायदळांत. रणगाड्याचें पथक मात्र तिघांचें. एक सारथि, एक गोलंदाज (क्रिकेटचा नव्हे, तोफेचा) आणि एक नायक. प्रत्यक्ष युद्धांतील अमेरिकन शर्मन रणगाड्यांत ५ माणसें असत. खेळांत तिघांवर भागतें.

आतां या तिघांची स्थिति पाहा. सारथ्याच्या हातीं गति आहे, पण त्यास दिसतें तें समोरच्या एका चिंचोळ्या फटींतून. गोलंदाजाच्या हातीं शस्त्र आहे, पण त्याची दृष्टि दुर्बिणीच्या वर्तुळांत अडकलेली. नायकास वरून सभोवार दिसतें, नकाशाही त्याच्यापुढें असतो. परंतु त्याच्या हातीं ना गति ना तोफ. त्याच्याजवळ आहे ती केवळ वाणी. ज्याला दिसतें त्याला करतां येत नाहीं, आणि ज्याला करतां येतें त्याला दिसत नाहीं, अशी ही व्यवस्था आहे.

आम्ही सारथि झालों. नातू नायक, मित्र गोलंदाज. नॉर्मंडींतील एका अरुंद गल्लींतून आम्ही निघालों; दोन्ही बाजूंस कुंपणें, गिअर आपणच बदलावयाचे, आणि बोटांस कळफलकाची संवय नाहीं. एके ठिकाणीं नातू म्हणाला, "थांबा." आमच्या फटींतून तर रस्ता मोकळा दिसत होता. ज्यानें परीक्षेंत दोनदां हार खाल्ली त्यानें आम्हांस थांबा म्हणावें, आणि रस्ता समोर मोकळा असतां आम्हीं थांबावें, हें मनास पटेना. आम्ही चार हात पुढें गेलों. तोंच गोळा आदळला. घाबरून आम्हीं गाडी वळविली व पळूं लागलों. दुसरा गोळा कुशींत बसला, गाडी पेटली, आणि तिघेही एकदमच कामास आलों.

आतां आमचेंच पंक्तींतील वाक्य आमच्याकडे परत येणार, म्हणून आम्ही मान खालीं घालून बसलों. तें वाक्य बोलण्याचा त्यास पूर्ण अधिकार होता. पण तो म्हणाला, "हरकत नाहीं, आजोबा. पहिल्यांदा सर्वांचें असेंच होतें. नवी गाडी मिळेपर्यंत, काय चुकलें तें दाखवितों." आणि त्यानें कागदावर पेन्सिलीनें रणगाडा काढला.

त्यानें जें समजाविलें तें येथें देतों. रणगाड्याचें चिलखत सर्वत्र सारखें नसतें. तें समोर जाड, कुशीस पातळ व पाठीस त्याहूनही पातळ. म्हणून शत्रु दिसतांच तोंड त्याच्याकडे करावें, आणि माघार घ्यावयाची तीही तोंड न फिरवितां, उलट पावलीं घ्यावी. धांवत्या गाडींतून नेम साधत नाहीं. म्हणून गोलंदाजानें 'थांबा' म्हणतांच सारथ्यानें थांबावें. दोन-तीन गोळे सोडले कीं जागा बदलावी, कारण तोंवर आपला ठिकाणा सर्वांस कळलेला असतो. चिलखत भेदणारा गोळा वेगळा व पायदळावर टाकावयाचा स्फोटक गोळा वेगळा. कोणता भरावा हें नायकानें आधींच सांगावें, कारण तोफ पुन्हा भरण्यांत वेळ जातो व तेवढ्यांत निकाल लागतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकट्यानें पुढें जाणें. झुडपांतून पायदळाचा एखादा गडी स्फोटकांची पिशवी घेऊन येतो, ती गाडीपाशीं ठेवून पळून जातो, आणि आंतल्या तिघांस चाहूलही लागत नाहीं. आपलें पायदळ बरोबर असलें म्हणजे तें रणगाड्याचे डोळे होतें, व रणगाडा त्याची ढाल होतो. शिवाय अवजड रणगाडा मागविण्यास सेनापतीजवळ तेलाचा सांठा लागतो. तो वाढतो कोठें तरी मागें बसून एखाद्या अभियंत्यानें बांधलेल्या केंद्रामुळें. त्या अभियंत्याचें नांव विजयानंतर कोणी घेत नाहीं. हें ऐकून आम्हांस आमच्या घरचें स्वयंपाकघर आठवलें.

आणि ते आंकडे? ते होकायंत्राचे अंश. नायकानें "अरे, तिकडे बघ, तिकडे!" असें ओरडून उपयोग नाहीं, कारण ऐकणाऱ्यास 'तिकडे' दिसतच नसतें. प्रथम दिशा, मग अंतर, मग वस्तु: "२४०, ३०० मीटर, रणगाडा." एवढ्यानें काम होतें. सूत्रांतील एक अक्षर वांचलें तरी वैयाकरणास आनंद कां होतो, हें आम्हीं इतकीं वर्षें मुलांस शिकविलें. पण त्याचें मर्म आम्हांस त्या रात्रीं कळलें.

नवी गाडी पिछाडीच्या मुख्य ठाण्यावरच मिळते, व तेथून आघाडीवर येण्यास कांहीं मिनिटें लागतात. त्या वाटेवर कोणी बोलत नव्हतें, आणि आमच्या मनांत महाभारत आलें. विराटपर्वांत उत्तर हा राजपुत्र कौरवांची सेना पाहून रथांतून उडी टाकून पळाला. बृहन्नडेच्या वेषांतील अर्जुनानें त्यास धरून आणलें. पण त्याची थट्टा केली नाहीं. त्यास धीर दिला, त्याच्या हातून होण्याजोगें काम म्हणून लगाम त्याच्या हातीं दिले, आणि धनुष्य आपण घेतलें. उलटपक्षीं कर्णपर्वांत शल्य कर्णाचा सारथि झाला. रथ हांकण्यांत त्याच्या तोडीचा दुसरा कोण होता? पण भर रणांत तो कर्णाचा तेजोभंग करीत राहिला. हीं दोन्ही आख्यानें आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलीं असतील, त्याची गणती नाहीं. अर्जुनाचें गुणवर्णन करतांना आपण स्वतः कोणाच्या जागीं बसलों आहों, हें मात्र आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. मुलाचें काय चुकलें तें आम्ही अचूक सांगत असूं; कोणत्या दिशेस किती वळावयाचें, हें सांगण्यापूर्वींच तास संपत असे.

दुसऱ्या वेळीं पुन्हा तशीच गल्ली. "थांबा," नातू म्हणाला, आणि आम्ही थांबलों. डाव्या अंगास पँथर जातीचा जर्मन रणगाडा होता; त्याच्या पुढील चिलखतापुढें आमच्या तोफेचें कांहीं चालण्याजोगें नव्हतें. नातवानें त्याची खूण नकाशावर केली, इतर नायकांस इंग्रजींत दोन शब्द सांगितले, व आम्हांस म्हणाला, "आजोबा, तोंड त्याच्याकडेच ठेवा. मागें घ्या." मागें काय आहे तें आम्हांस मुळींच दिसत नव्हतें. समोर तो राक्षस, आणि आम्ही न दिसणाऱ्या वाटेनें मागें सरत होतों. "मागें... मागें... थोडें डावें... सरळ... मागें... थांबा." एक गोळा समोरच्या चिलखतावर आपटून निसटला. आमचे हात कांपत होते. त्याचा आवाज कांपत नव्हता. शेवटीं एका शेतघराच्या भिंतीआड आलों. थोड्या वेळानें पलीकडे धुराचा लोट उठला. आमच्या बाजूच्या कोण्या पायदळवाल्यानें खूण पाहून त्या पँथरच्या पाठीशीं जाऊन कार्यभाग उरकला होता. तो कोठला, कोणत्या भाषेचा, देव जाणे!

नातू म्हणाला, "छान घेतलीत, आजोबा."

इतक्या वर्षांत आम्हीं कित्येक मुलांस असें म्हणावयाचें राहून गेलें आहे!

युद्धाचा खेळ करावा काय, हा प्रश्न आमच्याही मनांत आहे. आमच्या गांवास २०२४ सालापासून अहिल्यानगर असें नांव आहे. आम्ही जुन्या संवयीनें नगरच म्हणतों. येथें रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ सालीं उघडलें. तेथें आम्ही दरवर्षीं मुलांस नेत असूं, आणि विजयंता रणगाड्याच्या थंड पोलादावर हात ठेवून त्यांस सांगत असूं कीं, अशा पोलादी पेटींत जिवंत माणसें बसतात आणि कधीं कधीं तेथेंच जळतात. खेळांत 'पुन्हा गाडी घेऊं' म्हणतां येतें; तेथें म्हणतां येत नाहीं. मुखांतून सुटलेल्या शब्दाचेंही तसेंच आहे. तो परत भात्यांत येत नाहीं. माघार तेवढी आपल्या हातीं असते. आणि ती पाठ फिरवून नव्हे, समोर तोंड करून घ्यावयाची असते.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हीं सूनबाईंस ताट वर नेऊं दिलें नाहीं. तें आमच्या शेजारीं मांडविलें. नातू जिन्यावर येऊन घुटमळला. बोललों होतों पंक्तींत, म्हणून मागें घेणेंही पंक्तींतच प्राप्त होतें. आम्ही सर्वांदेखत म्हणालों, "या मुलाच्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं, असें आम्ही बोललों होतों. तें आमचें चुकलें. काल आम्हांस कांहीं दिसत नसतां यानें आम्हांस सुखरूप मागें आणलें." कोणी कांहीं बोललें नाहीं. तो येऊन पाटावर बसला, आणि थोड्या वेळानें त्यानें आमटी मागितली.

फेब्रुवारींत तो पुन्हा परीक्षेस बसणार आहे. खेळाची वेळ त्यानें स्वतःच आंखून घेतली आहे. दिवसास एक डाव, त्याहून अधिक नाहीं. अभ्यासाच्या वेळीं आम्ही जवळ बसतों. पदार्थविज्ञान आम्हांस येत नाहीं, म्हणून "कोठें अडलें, आणि किती उरलें?" एवढेंच विचारतों. तो उत्तीर्ण होईल कीं नाहीं, हें आमच्या फटींतून दिसत नाहीं. पण तो आतां स्वतः होऊन सांगतो.

बंधूंची नात पुण्याहून आली आहे, व आपली खुर्ची तिनें परत घेतली आहे. मात्र दोघांनीं मिळून असें ठरविलें आहे कीं, रविवारीं सारथ्य आमचें.