फोटोत न आलेली माणसं

मुंबईचे जुने कृष्णधवल फोटो हल्ली कुठेही भेटतात. इराण्याच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, मोबाइलवर तर रोज सकाळी. खाली ठरलेला शेरा असतो, ‘काय शांत होती हो मुंबई!’ मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. टाउन हॉलच्या पायऱ्या, पुढे रिकामा रस्ता, कडेला बसलेला बैल. बाकी चिटपाखरू नाही.

एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यानं माझा भ्रम मोडला. हातात भिंग देऊन म्हणाला, “रस्ता बघा.” रस्त्यावर धुरासारखे पुसट पट्टे होते. “ती माणसं आहेत.”

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालची. त्या काळी काचेच्या ओल्या प्लेटवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ जो थांबला तो आला, जो चालत राहिला तो विरला. 1872च्या शिरगणतीत या शहरात सहा लाखांवर माणसं होती. फोटोत दिसत नाहीत, कारण ती कामाला निघाली होती. हमाल, पाणक्या, पाटी घेतलेली कोळीण, सगळे त्या धुरात. टिकले ते टेकलेले: दारातला पहारेकरी, गाडीवर पेंगणारा गाडीवान, आणि तो बैल. 1880च्या सुमारास कोरड्या प्लेटा रुळल्या, तेव्हा कुठे चालती माणसं पायांसकट दिसू लागली.

रंगाचीही गंमतच. त्या फोटोंमधला सातव्या एडवर्डच्या पुतळ्याचा घोडा तेवढा खऱ्या रंगाचा वाटतो, कारण तो मुळातच काळा. 1965मध्ये घोडा स्वारासकट राणीच्या बागेत गेला, ‘काळा घोडा’ हे नाव मात्र जागेला चिकटून राहिलं. दादर टीटीचंही तेच. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम 31 मार्च 1964ला धावली, तरी टॅक्सीवाल्याला आपण अजून ‘टीटी’च सांगतो.

त्याच टीटीवरचा एक फोटो आत्याकडे आहे. आजोबा ट्रामच्या पायरीवर, धोतर, काळी टोपी, काखेत डबा. चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट. उजवा हात मात्र कोपरापासून पुढे नुसता पांढरा फराटा. लहानपणी मला वाटायचं, फोटो खराब झालाय. परवा आत्याला विचारलं.

“खराब कसला? हात हलवून ‘आटप, आटप’ म्हणत होते. ऑफिसला उशीर होत होता त्यांना.”