भीमेवरचा पूल, उजनीतला पूल

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला शंभरेक किलोमीटरवर भिगवण लागतं. इथे गाड्या थांबतात त्या मासळीच्या जेवणासाठी, नाहीतर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसाठी. आम्ही जेवण उरकलं आणि हमरस्ता सोडून डिकसळकडे वळलो. उसाचे फड मागे पडले आणि समोर उजनीचं पाणी पसरलं. त्या पाण्यातून पलीकडच्या काठाला गेलेला जुना दगडी पूल. अलीकडे पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका, पलीकडे कोंढार चिंचोली, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका.

पूल अरुंद. समोरून टेम्पो आला की दुचाकीवाल्याने कडेला सरकायचं. असं का, तर हा रस्त्याचा पूल नव्हेच, रेल्वेचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १५ डिसेंबर १८५८ रोजी पुण्याहून डिकसळपर्यंत आली. पुढे भीमा आडवी. ती ओलांडून २३ ऑक्टोबर १८५९ ला लोहमार्ग बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचला आणि १८६० मध्ये सोलापूरला. बोरघाटातला लोहमार्ग मात्र सुरू झाला १८६३ मध्ये. म्हणजे मधली काही वर्षं मुंबईहून निघालेल्या माणसाला घाट चढायला गाडीतून उतरावं लागे, भीमा मात्र तो डब्यात बसूनच ओलांडत असे.

१९६९ मध्ये उजनीच्या धरणाचं काम सुरू झालं, १९८० मध्ये ते पुरं झालं. साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात या भागातली माणसं ‘धरण मायनसमध्ये गेलं’ असं सहज बोलून जातात. कागदावर जलाशयाचं नाव यशवंतसागर. तोंडी मात्र उजनीच. फुगवट्याचं पाणी चढलं तशी गावं उठली. केत्तूरची दोन गावं झाली, पळसदेव वर सरकलं. तिथलं पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर पाण्यातच राहिलं. दुष्काळी वर्षी ते उघडं पडतं आणि माणसं चालत दर्शनाला जातात. रेल्वेनेही आपला मार्ग हलवला. जुना पूल मोकळा झाला आणि रस्त्याला मिळाला.

पुलाच्या मध्यावर थांबलो. एका बाजूला चित्रबलाकांचा थवा उथळ पाण्यात चोची बुडवून उभा होता, दुसरीकडे एक मच्छीमार जाळं ओढत होता. जाळ्यात बहुतेक चिलापी. नजर ठरत नाही इतकं हे पाणी देखणं आहे; पण काठावर राहणाऱ्याला ते रोज ओलांडावं लागतं. पूर्वी मधे एक नदी होती, आता जलाशय आहे. करमाळ्याकडच्या माणसाला बाजार, दवाखाना, कॉलेज यांसाठी भिगवण आणि बारामती जवळची. पूल बंद, तर मोठा वळसा.

पूल नाही तिथे होडी. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. कुगाव ते शिरसोडी पुलाची मागणी त्यानंतर आणखी जोराने पुढे आली आणि तो मंजूर झाला. डिकसळच्या पुलाचंही वय झालंय. दगड ढासळू लागल्यावर जड वाहनांना तो बंद करावा लागला. शेजारी नवा पूल उभारण्याचं काम हाती घेतलं आहे.

कालव्यांनी पाणी दूरच्या शेतांपर्यंत नेलं, सोलापूर जिल्ह्यात ऊस उभा राहिला. पण ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली, त्यांना समोरच्या काठावर जायला दीर्घकाळ मिळाला तो रेल्वेने टाकून दिलेला पूल, आणि होडी. हा पूल कुणी त्यांच्यासाठी बांधला नव्हता, हे तिथे उभं राहिलं की फार जाणवतं. नवा पूल झाल्यावर जुना पाडू नये, डागडुजी करून पायी चालणाऱ्यांसाठी ठेवावा. पक्षी बघायला येणारे त्यावर थांबतील. आणि धरण बांधताना पलीकडे जायच्या वाटेचा विचार आधी करायचा असतो, एवढं तरी पुढच्या धरणाच्या आराखड्यात उतरावं.